मृगातील तेजोमेघ आणि पुण्याची वेधशाळा
(कावसजी दादाभाई नायगमवाला : १८५७–१९३८)

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथात एखाद्या साहित्यिकाचे, समाजसुधारकाचे अथवा मुक्तिसंग्रामातील सेनानीचे चरित्र असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. प्रस्तुत लेखाचे चरित्रनायक यांपैकी कोणी नव्हेत. ते मुंबईचे पारशी गृहस्थ, पदार्थविज्ञानाचे अध्यापक आणि पुण्यातील एका वेधशाळेचे संस्थापक. खगोलविज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. परंतु मराठी वाचकाच्या घरात ते फारसे पोहोचलेले नाही. ही उणीव अल्पांशाने तरी भरून निघावी, एवढ्याच हेतूने कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे हे स्मरण.

पेडणे आणि डिचोली महालांतील वाचकांस मृग नक्षत्राची वेगळी ओळख करून द्यावयास नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मृगात शिरतो आणि आपला शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो. परंतु तो मृग पाहावयाचा नसतो, अनुभवावयाचा असतो. कारण सूर्यच तेथे असल्याने त्या दिवसांत ते नक्षत्र दिसत नाही. प्रत्यक्ष मृग पाहावयाचा तर पाऊस संपून आकाश निवळावे लागते. मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री काजूच्या मळ्यापलीकडे पूर्वेस तो उगवतो. चार तेजस्वी ताऱ्यांचा चौकोन, मध्ये तीन ताऱ्यांचा बाण, आणि मागे शिकार सोडून न जाणारा व्याध. बाणाच्या खालच्या अंगास दृष्टी लावली असता एक तारा किंचित धुरकट भासतो. दृष्टिदोष म्हणून आपण ते सोडून देतो. वस्तुतः तो तारा नव्हेच. तो प्रकाशमान वायूचा अफाट मेघ असून त्यात नवे तारे जन्म घेत आहेत. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे १३०० वर्षे लागतात.

आज हौशी निरीक्षक साध्या दुर्बिणीला कॅमेरा जोडून त्या मेघाचे छायाचित्र काही मिनिटांत घेतात. त्यातील गुलाबी कडा, काळे खळगे आणि मधले चार तारे पाहून नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. परंतु हा धूसर मेघ नेमका कशाचा बनला आहे, या प्रश्नावर एके काळी युरोपात मोठा वाद माजला होता. आणि त्या वादात पुण्याहून दिलेली साक्ष महत्त्वाची ठरली होती. ती साक्ष देणारे गृहस्थ म्हणजे नायगमवाला.

गोव्याचा जुना धागा

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एका गोष्टीचा उल्लेख गोमंतकीय वाचकांसाठी आवश्यक वाटतो. दुर्बिणीने आकाश पाहण्याचा भारतातील प्रारंभ गोव्यातच झाला, असे मानण्यास आधार आहे. गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळविल्यास दहा वर्षेही झाली नव्हती, तोच १६१८ च्या ऑक्टोबरात चीनकडे निघालेली जेझुइट धर्मोपदेशकांची एक तुकडी गोव्यात उतरली. तिच्यात बोहेमियातील वेन्सेस्लाउस किर्वित्झर हा तरुण गणिती होता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आकाशात धूमकेतू दिसले. किर्वित्झरने व त्याच्या सहकाऱ्यांनी गोव्याहून त्यांचे वेध घेतले आणि ते १६२० मध्ये युरोपात पुस्तकरूपाने छापले गेले. पुढे तो मकाव येथे १६२६ मध्ये मरण पावला.

या वेधांची पुढे येथे परंपरा झाली नाही. उपकरणे आली तशी गेली. पाहणारे वाटसरू होते. साधन असते, बुद्धी असते, परंतु ते टिकविणारी संस्था नसते, तेव्हा असेच घडते. नायगमवाला यांच्या चरित्रातही हाच प्रश्न शेवटी आपल्यासमोर उभा राहतो.

शिक्षण व पहिली देणगी

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी झाली. इंग्रजी विद्येने घडविलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांत कायदा, वैद्यक व सरकारी नोकरी यांकडे बुद्धिमान तरुणांचा ओढा असे. शुद्ध विज्ञान हा पोटापाण्याचा मार्ग समजला जात नव्हता. अशा काळात कावसजींनी पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण पूर्ण केले आणि तेथेच अध्यापन पत्करले.

१८८२ मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना वर्णपटविज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तितकीच रक्कम आपल्या तिजोरीतून घातली. त्या काळी दहा हजार रुपये ही लहान रक्कम नव्हती. तरीही त्यातून उभी राहावयाची होती ती महाविद्यालयातील एक खोली आणि तिच्यातील काही उपकरणे. विद्यार्थ्यांना प्रकाशाचे पृथक्करण दाखवावे, इतकाच मूळ हेतू.

वर्णपटविज्ञान म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे इष्ट होईल. लोलकातून सूर्यप्रकाश सोडला असता सात रंगांचा पट्टा पडतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु प्रत्येक मूलद्रव्य तापून वायुरूप झाले म्हणजे आपल्या ठरावीक रंगरेषाच उमटविते. मीठ आगीत टाकताच ज्योत पिवळी होते, ती सोडियमची खूण. रेषांच्या जागा मोजल्या की द्रव्य ओळखता येते, मग ते द्रव्य प्रयोगशाळेत असो वा कोट्यवधी कोस दूरच्या ताऱ्यात असो. १८५९-६० मध्ये जर्मनीत किर्खहोफ व बुन्सेन यांनी ही किल्ली शोधली आणि ताऱ्यांची केवळ स्थाने मोजणारे ज्योतिष त्यांच्या घटकांविषयी बोलू लागले. ज्योतिषाची ही नवी शाखा तेव्हा अवघी पंचवीस वर्षांची होती. हिंदुस्थानात तिला वाहिलेली एकही संस्था नव्हती.

उपकरणे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथे त्यांची राजज्योतिषी ख्रिस्ती आणि नॉर्मन लॉकियर यांच्याशी गाठ पडली. सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून हेलियम या द्रव्याचा छडा लावणारे ते हेच लॉकियर. या दोघांनी त्यांना खोलीपुरता विचार सोडून वेधशाळाच उभारण्याचा सल्ला दिला. हिंदुस्थानचे आकाश इंग्लंडपेक्षा कितीतरी स्वच्छ. वर्षाचे आठ महिने तारे दिसतात. तेथे ही शाखा रुजली तर सर्व जगाचा लाभ होईल, हे त्यांना दिसत होते.

योजना बदलली, तसे स्थळही बदलले. समुद्रकाठच्या दमट मुंबईपेक्षा पुण्याची हवा वेधास अनुकूल ठरली. १८८५ मध्ये नायगमवाला यांची पुण्याच्या सायन्स कॉलेजात बदली झाली. मुळा-मुठेच्या संगमाजवळचे हे महाविद्यालय पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याच्या आवारात १८८८ मध्ये महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्याची वीस इंची परावर्तक दुर्बीण हे तिचे भूषण. त्या वेळी देशात याहून मोठी दुर्बीण नव्हती आणि पुढे कित्येक वर्षे तो मान तिच्याकडेच राहिला.

डोळा आणि काच

याच वर्षी इंग्लंडातही एक वीस इंची ग्रब दुर्बीण मोठे कार्य करीत होती, हा योगायोग मनोरंजक आहे. ती आयझॅक रॉबर्ट्‌स या लिव्हरपूलच्या इमारत-व्यावसायिकाची. हे गृहस्थ व्यवसायाने ज्योतिषी नव्हते; हौस म्हणून दुर्बीण बाळगणारे होते. १८८८ च्या २९ डिसेंबरच्या रात्री त्यांनी देवयानी नक्षत्रातील धूसर मेघाकडे दुर्बीण रोखून छायाचित्रणाची काच सलग चार तास उघडी ठेवली. काच धुतल्यावर त्या मेघाची सर्पिल वळणे प्रथमच माणसाच्या दृष्टीस पडली. त्यापूर्वी १८८० मध्ये अमेरिकेत हेन्री ड्रेपर या वैद्यकाच्या पदवीधराने मृगातील मेघाचे पहिले छायाचित्र घेतले होते आणि १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन या इंग्रज अभियंत्याने घराच्या बागेतील छत्तीस इंची दुर्बिणीने त्याच मेघाचे असे छायाचित्र घेतले की त्यात डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. अंधुक तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा पाया अशा हौशी माणसांनी घातला, हे आजच्या हौशी निरीक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

डोळ्यापेक्षा काच श्रेष्ठ का ठरते, याचे कारण सोपे आहे. डोळा प्रकाश साठवीत नाही. क्षणात जे दिसले ते दिसले. घटकाभर टक लावली तरी अंधुक वस्तू उजळ होत नाही. काचेवरील रसायन मात्र थेंबाथेंबाने भरणाऱ्या घागरीसारखे असते. जितका वेळ प्रकाश पडेल तितका ठसा गडद होतो. अट एकच. आकाश फिरत असते, म्हणून दुर्बिणीनेही घड्याळाच्या यंत्रावर त्याच वेगाने फिरले पाहिजे. यंत्र क्षणभर अडखळले तरी तारा बिंदू न राहता रेघ बनतो. म्हणून निरीक्षकाला रात्रभर एका मार्गदर्शक ताऱ्यावर डोळा ठेवून, हाताने बारीक फिरकी देत बसावे लागे. आज हे काम विजेची मोटर व संगणक करतात, आणि एका दीर्घ छायाचित्राऐवजी शेकडो लहान छायाचित्रे एकमेकांवर रचून तोच परिणाम साधला जातो. तत्त्व मात्र तेच राहिले आहे : थोडे थोडे साठवीत जाणे.

गुरूविरुद्ध साक्ष

नायगमवाला यांनी मृगातील मेघाकडे वळण्याचे कारण मात्र सुंदर छायाचित्र हे नव्हते. प्रश्न त्या मेघाच्या द्रव्याचा होता.

१८६४ मध्ये इंग्लंडचे विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट प्रथम पाहिला, तेव्हा त्यात सलग रंगपट्टा नव्हता. थोड्या सुट्या तेजस्वी रेषा होत्या. यावरून असे मेघ ताऱ्यांचे पुंजके नसून वायूचे आहेत, हे सिद्ध झाले. परंतु त्यांतील सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याच द्रव्याशी जुळेना. लॉकियर यांनी १८८७ पासून आपली उल्कावादी उपपत्ती मांडली. तिचा सारांश असा की, तारे व तेजोमेघ हे सर्व उल्कांच्या थव्यांपासून झाले असून उल्का परस्परांवर आदळून तापतात आणि त्यांतील मॅग्नेशियम हे द्रव्य ती हिरवी रेषा उमटविते. मॅग्नेशियमच्या वर्णपटात त्या स्थानाजवळ एक पट्टा असतो. त्याची एक कड तीक्ष्ण व दुसरी विरत जाणारी असते. मेघातील रेषा ही त्याच पट्ट्याचा अवशेष असेल, तर तीही एका बाजूस विरलेली दिसली पाहिजे. विज्ञानातील कित्येक थोर वाद असे एका रेषेच्या कडेवर येऊन ठेपतात.

लॉकियर हे नायगमवाला यांचे मार्गदर्शक होते. वेधशाळेची कल्पना रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. साम्राज्याच्या राजधानीत त्यांचा शब्द वजनदार होता आणि हिंदुस्थानातील सूर्यविज्ञानाच्या कारभारातही त्यांच्या मताला मान होता. इकडे नायगमवाला हे परतंत्र देशातील, तिशी नुकतीच उलटलेले अध्यापक. त्यांची वेधशाळा तीन वर्षांची. अशा माणसाला गुरूच्या मताशी जुळणारा निष्कर्ष काढणे सोयीचे होते. निदान संदिग्ध शब्दांत वेळ मारून नेणे तर सहज शक्य होते.

त्यांनी तसे केले नाही. पुण्याच्या आकाशातून त्यांनी मृगातील मेघाची मुख्य रेषा वारंवार तपासली. उपकरणाची मांडणी बदलून, फट अरुंद-रुंद करून पाहिली. प्रत्येक वेळी रेषा दोन्ही अंगांनी सारखीच स्वच्छ आणि तीक्ष्ण दिसली. १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिक वृत्तात त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. लॉकियर यांच्या उपपत्तीस तो प्रतिकूल होता. त्याच सुमारास हगिन्स आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेतील कीलर यांनीही त्या रेषेचे स्थान मॅग्नेशियमशी जुळत नाही, असे दाखविले. तिन्ही साक्षी एका दिशेच्या निघाल्या आणि उल्कावाद मागे पडला.

त्या हिरव्या रेषेचे कोडे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सोडविले. ती कोणा अज्ञात द्रव्याची नव्हती. आपण ज्या प्राणवायूवर जगतो, त्याचीच होती. अत्यंत विरळ अवस्थेत, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला प्राणवायूचा अणू ती रेषा उमटवितो. पृथ्वीवरील प्रयोगशाळेत इतकी विरळ अवस्था साधत नसल्याने ती कोणास ओळखता आली नव्हती. नायगमवाला त्या वेळी हयात होते.

या घटनेचे आणखी एक अंग मराठी वाचकांस विशेष भावेल. ज्या पुण्यात नायगमवाला मृगातील मेघाचे पृथक्करण करीत होते, त्याच पुण्यात दोनच वर्षांनी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी मृगशीर्षाच्या आधारे वेदांच्या प्राचीनत्वाचा विचार मांडणारा आपला ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९६ मध्ये शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा अजोड मराठी ग्रंथ निघाला. एकाच गावात, एकाच दशकात, एकाच आकाशाकडे तीन दृष्टींनी पाहिले जात होते. एक दृष्टी वेदकाळ शोधीत होती, दुसरी पंचांगाचा इतिहास लावीत होती, तिसरी मेघातील वायू ओळखीत होती.

ग्रहणामागे

सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा अभ्यास त्या काळी केवळ खग्रास ग्रहणातच शक्य होता. वर्षानुवर्षांच्या तयारीला दोन मिनिटांचे फळ. तेही आकाश निरभ्र असेल तर. १८९६ च्या ९ ऑगस्टचे ग्रहण पाहण्यासाठी नायगमवाला नॉर्वेच्या उत्तर टोकास वाद्सो येथे गेले. पुण्याहून इतका लांबचा प्रवास करून गेलेल्या या निरीक्षकाच्या वाट्यास ढग आले. तेथे जमलेल्या अन्य देशांच्या निरीक्षकांचीही तीच गत झाली.

त्यानंतर दीड वर्षातच ग्रहण त्यांच्या दाराशी चालून आले. १८९८ च्या २२ जानेवारीला चंद्राची छाया कोकण किनाऱ्यावर उतरून दख्खन, वऱ्हाड ओलांडून ईशान्येस गेली. या पट्ट्यात जगभरचे ज्योतिषी येऊन राहिले. लॉकियर विजयदुर्गाच्या किल्ल्यात होते. वऱ्हाडातील तळणी येथे इंग्रज हौशी निरीक्षकांची तुकडी होती. तिच्यात जॉन एव्हरशेड नावाचे एक तरुण होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ लिक वेधशाळेचे कँपबेल होते आणि तेथेच नायगमवाला यांनी आपला तळ ठोकला. एतद्देशीयाच्या नेतृत्वाखालील तुकडी ही एकच.

विजयदुर्गाविषयी एक गैरसमज आपल्याकडे फार रूढ आहे, तो येथे दूर करणे उचित होईल. हेलियमचा शोध लॉकियर यांनी त्या किल्ल्यावरून लावला, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १८६८ च्या ऑगस्टातील ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे; परंतु त्या वेळी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर इंग्लंडातच होते. ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, ग्रहणावाचून, तेथूनच पाहिली. विजयदुर्गी ते आले १८९८ मध्ये. किल्ल्यावरील ओट्यांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही; फक्त साल तीस वर्षे अलीकडे येते.

छायेचा तो पट्टा गोव्याच्या उत्तरेकडून गेला. विजयदुर्ग पेडण्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे. त्यामुळे आपल्या आकाशात ग्रहण खग्रास झाले नाही. परंतु सूर्याचा फार मोठा भाग त्या दुपारी झाकला गेला. तेरेखोलच्या एका तीरावर पोर्तुगीज अंमल, दुसऱ्यावर इंग्रजांच्या छायेतील संस्थान. चंद्राच्या सावलीने ती सीमा मानली नाही.

ते दिवस सुखाचे नव्हते. दुष्काळ नुकताच येऊन गेला होता. पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती. रँडच्या वधानंतर शहरावर संशयाचे सावट होते आणि टिळक तुरुंगात होते. अशा वातावरणात सरकारी महाविद्यालयातील एक अध्यापक विद्यार्थी व सहायक घेऊन, काचा आणि कॅमेरे पेट्यांत भरून, जेऊरच्या माळावर जातो, ही गोष्ट सहज घडणारी नव्हती.

ग्रहणाच्या मोहिमेत ज्ञानापेक्षा शिस्तीची कसोटी अधिक लागते. प्रत्येकास एकच काम नेमून दिलेले असते : कोणी सेकंद मोठ्याने मोजावयाचे, कोणी काच घालावयाची, कोणी झाकण उघडावयाचे, कोणी काढलेली काच अंधारात ठेवावयाची. आठवडाभर कवायत चालते. प्रत्यक्ष ग्रहणाच्या वेळी मान वर करून पाहण्याचा मोह आवरावा लागतो. ज्याने तो आवरला नाही, त्याची काच वाया गेली. सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेवरचा पातळ थर दोन-तीन सेकंद एकटा चमकतो आणि वर्णपटातील काळ्या रेषा एकाएकी उजळ होतात. या क्षणिक वर्णपटाचे छायाचित्र घेणे हे त्या पिढीचे मोठे उद्दिष्ट होते. १८९६ मध्ये ते प्रथम साधले होते. १८९८ मध्ये हिंदुस्थानच्या निरभ्र आकाशाखाली अनेक तुकड्यांना साधले.

जेऊरचे आकाश स्वच्छ राहिले. नॉर्वेच्या ढगांनी जे नाकारले होते, ते माळरानाने दिले. प्रभामंडलाची आणि वर्णपटाची छायाचित्रे हाती आली. त्यांची मोजदाद, गणिते व विवेचन यांत पुढची काही वर्षे गेली आणि १९०२ मध्ये मुंबई सरकारने जेऊरच्या वेधांचा सविस्तर अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तख्तसिंहजी वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा तो पहिला खंड होय.

उत्तरार्ध

१९०० पासून अध्यापनाचा भार उतरवून नायगमवाला पूर्णवेळ वेधशाळेचे संचालक झाले. येथून संस्थेचा उत्कर्ष व्हावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तसे झाले नाही. वेधशाळा एका माणसाच्या उत्साहावर उभी होती. तिच्यासाठी स्वतंत्र ज्योतिषीवर्ग नव्हता, शिष्यांना पदे नव्हती, पुढचा संचालक घडविण्याची तरतूद नव्हती. सरकारने १८९९ पासून दक्षिणेत कोडाईकनालच्या डोंगरावर सूर्यवेधशाळा चालविली होती. पैसा व लक्ष तिकडे वळणे स्वाभाविक होते.

१९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली. ती बंद करण्यात आली. वीस इंची दुर्बीण व अन्य उपकरणे पेट्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. तेथे ती ताब्यात घेणारे संचालक होते जॉन एव्हरशेड, म्हणजे १८९८ मध्ये तळणीच्या तळावर ग्रहणाची छायाचित्रे घेणारे तेच हौशी निरीक्षक. इंग्लंडात एका रासायनिक व्यवसायात नोकरी करून फावल्या वेळात सूर्य पाहणारा माणूस हिंदुस्थानातील सरकारी वेधशाळेचा प्रमुख होऊ शकला. आयुष्य वाहिलेल्या नायगमवाला यांच्या वेधशाळेला मात्र वारस मिळाला नाही. यात एव्हरशेड यांचा दोष नाही; त्यांची योग्यता वादातीत होती. व्यवस्थाच अशी होती की गुणी एतद्देशीयाला संधी मिळाली तरी ती त्याच्यापुरतीच राही.

त्यानंतर नायगमवाला सव्वीस वर्षे जगले. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली जात राहिली. देणगीदाराचे नाव टिकले, ही कृतज्ञतेची गोष्ट. ते नाव ज्याच्यामुळे दुर्बिणीला मिळाले, त्या माणसाचे नाव मात्र तिच्यासोबत गेले नाही.

पुण्याच्या आकाशाकडे पाहणारे डोळे कायमचे मिटले नाहीत, ही समाधानाची बाब होय. १९४४ मध्ये तेथे ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ती देशातील सर्वांत जुनी संस्था. आणि १९८८ मध्ये, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिल्यास बरोबर शंभर वर्षे होत असता, पुण्यात डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली आयुका ही आंतरविद्यापीठीय संस्था निघाली. दोहोंत वंशपरंपरा नाही. मध्ये अनेक दशकांची पोकळी आहे, आणि ती पोकळी हाच या चरित्राचा बोध आहे.

समारोप

विद्येचे साधन उभारणे आणि ते टिकविणे, ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यासाठी एक तळमळीचा माणूस व एक उदार दाता पुरेसा होतो. दुसऱ्यासाठी पिढ्या लागतात, आणि त्या पिढ्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लागत नाहीत. किर्वित्झरची दुर्बीण गोव्यातून पुढे गेली, नायगमवाला यांची पुण्यातून गेली. आपल्या ग्रंथालयातील पुस्तके मात्र येथेच राहिली. पोर्तुगीज अंमलात मराठी वाचनाला राजाश्रय नव्हता. तरीही कोणी कपाटाला कुलूप लावले व उघडले, कोणी वाळवीपासून पोथ्या वाचविल्या, कोणी चार आण्यांची वर्गणी घरोघर फिरून गोळा केली. काचेवर प्रकाश साठतो, तसे हे काम साठत गेले. शंभर वर्षांनी उमटलेले चित्र आज आपण पाहत आहोत.

पेडणे-डिचोलीच्या आकाशात दिव्यांचा उजेड वर्षागणिक वाढतो आहे. तरी डोंगराआडच्या वाड्यांवरून मृगातला तो धुरकट ठिपका अद्याप दिसतो. येत्या हिवाळ्यात एखाद्या रात्री घरातील मुलांना अंगणात नेऊन तो अवश्य दाखवावा. त्याच्या हिरव्या रेषेची खरी साक्ष, गुरूची भीड न धरता, पुण्याच्या एका अध्यापकाने दिली होती, हेही त्यांना सांगावे; आणि अधिक विचारले तर त्यांना ग्रंथालयात घेऊन यावे.